तंबूच्या दुकानात पावसाळी सायकली: गिअरच्या घ्याव्यात की बॅटरीच्या?

साताऱ्यात तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट भाड्याने देणाऱ्याचा धंदा वासोटा किल्ला आणि बामणोलीकडच्या कॅम्पिंगवर चालतो. दिवाळीपासून पुढे थंडीभर फुरसत नसते. पाऊस लागला की वासोट्याची वाट बंद होते आणि तंबू माळ्यावर जातात, पण गाळ्याचं भाडं बाराही महिने द्यावंच लागतं. म्हणून या महिन्यांत सायकली ठेवायचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मी दोन्ही प्रकारच्या सायकली भाड्याने दिल्या आहेत.

ही कल्पना काही नवी नाही. आल्प्समध्ये आणि कॅनडातल्या व्हिसलरला स्की भाड्याने देणारी दुकानं उन्हाळ्यात हेच करतात. बर्फ गेलं की स्कीच्या तळाला मेण लावून त्या आत ठेवतात आणि त्याच काउंटरवर सायकली मांडतात. उंची विचारून माप देणं, अनामत घेणं, कागदावर सही घेणं, माल परत आला की तपासणं ही कामं दोन्हीकडे सारखीच, आणि तंबूवाल्याला तर ती पाठच असतात. आपल्याकडे फक्त हंगाम उलटा आहे. सायकलीचं गिऱ्हाईक जूनपासून येऊ लागतं, आणि ऑगस्टअखेर कास पठारावरची फुलं सुरू झाली की ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत खरी गर्दी असते.

स्कूटर का नको, असं बरेच जण विचारतात. स्कूटर भाड्याने द्यायची तर आरटीओचा परवाना, काळ्या पाटीवर पिवळे आकडे, व्यावसायिक विमा हे सगळं आलं. ज्याला वर्षभर तोच धंदा करायचा आहे त्याने जरूर करावा. चार महिन्यांसाठी मला तो पसारा जड वाटतो. सायकलीला यातलं काही लागत नाही. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची सायकलही नोंदणीतून सुटते. तेव्हा खरी निवड गिअरची की बॅटरीची एवढीच उरते.

दुकानात उभं राहून पाहिलं तर बॅटरीची सायकल जिंकते. गिऱ्हाईक बसतं, थोडं पायडल मारतं, सायकल आपसूक पुढे सरकते आणि चेहरा खुलतो. साठीच्या जोडप्याला, वर्षानुवर्षे सायकल न चालवलेल्या माणसाला आपणही फिरू शकतो असा धीर येतो. भाडं जास्त लावता येतं आणि लोक घासाघीस न करता देतात. विकत घेताना ती साधारण दुप्पट महाग पडते खरी, पण हंगाम चांगला गेला तर तेही समजून घेता येईल.

माझा निर्णय फिरला तो फोनमुळे.

कास साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटर, आणि गाव सोडताच यवतेश्वरचा घाट लागतो. गिअरच्या सायकलवर नवखा माणूस निघाला की बहुतेक वेळा घाटातच त्याला दम लागतो. तो थांबतो, खाली दिसणारं शहर बघतो, फोटो काढतो आणि वळतो. परतीला उतार असतो. ब्रेक सांभाळत तो आपापला दुकानात येतो, चहा घेतो, पुढच्या खेपेला पहाटे निघेन म्हणतो. बॅटरीची सायकल त्याच माणसाला घाट चढवून देते. मग पठाराच्या चढउतारांवर, पेट्रीच्या पुढे कुठेतरी, बॅटरी संपते. तो त्याच्या कुवतीच्या पलीकडे आलेला असतो आणि हाताखाली वीस-पंचवीस किलोचं ओझं असतं. धुकं, भुरभुर पाऊस, मध्येच तुटणारी रेंज, आणि त्यातून येणारा तो फोन. छोटा हत्ती काढायचा, सोबत एक माणूस घ्यायचा, सायकल दोघांनी उचलून चढवायची. तेवढा वेळ दुकानात कुणी नाही, आणि तो वेळ नेमका रविवारच्या गर्दीतला असतो.

कंपनी सांगते ते अंतर सपाट रस्त्याचं असतं. घाटात पूर्ण मदत घेत चढलं की त्यातला किती भाग उरतो हे बसणाऱ्याच्या वजनावर आणि सवयीवर अवलंबून. निघताना कितीही समजावलं तरी चढावर मोटरची मदत कमी करणारा माणूस विरळाच. परदेशातल्या दुकानांत बॅटरीच्या सायकली जोरात चालतात हे खरं, पण तिथल्या चांगल्या सायकलींची मोटर पायडलपाशी असते, म्हणून तिला गिअरचा फायदा मिळतो. अनेक डोंगरांवर सायकलीसकट वर नेणारे पाळणेही आहेत. आपल्या बजेटमध्ये बसणाऱ्या सायकलींची मोटर बहुतेक मागच्या चाकात असते. लांब चढावर ती तापते. आणि ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली तर नुसतं ठिगळ चालत नाही, मोटरची वायर सोडवून अख्खं चाक काढावं लागतं. रस्त्यावरचा पंक्चरवाला त्याला हात लावायला कचरतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

गिअरची सायकल बिनतक्रार आहे असं मी म्हणणार नाही. लोक चढावर ताकद लावत असतानाच गिअर बदलतात, चेन उतरते, कधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आत वळतो. त्याला फ्रेमशी जोडणारी अॅल्युमिनियमची छोटी पट्टी असते, हँगर म्हणतात तिला. फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. पण एका मॉडेलची दुसऱ्याला बसेलच असं नाही आणि गावात ती सहज मिळत नाही. माझा आग्रह इतकाच की सगळ्या सायकली एकाच मॉडेलच्या घ्याव्यात, हँगर त्याच दिवशी जास्तीचे मागून घ्यावेत, आणि शक्यतो पुढे एकच चक्र असलेली सायकल निवडावी. समजवायला एकच कळ राहते आणि चेन उतरण्याचं प्रमाण बरंच घटतं.

दुसरा त्रास लाल चिखलाचा. सड्यावरचा जांभा पावसात चेनमध्ये आणि ब्रेक पॅडमध्ये जाऊन बसतो आणि कानसासारखा घासतो. गिअरची सायकल संध्याकाळी पाण्याने धुवून, पुसून, चेनला तेल दिलं की सकाळी तयार. बॅटरीची धुताना मोटरचा जोड आणि मोटरची वीज सांभाळणारा कंट्रोलर जपावे लागतात, म्हणून ती हलक्या हाताने फडक्याने पुसत बसायची. पॅड मात्र दोन्हींचे झिजतात. घाट उतरायचा असल्याने तिथे काटकसर करू नये.

हंगाम संपल्यावरचंही बघा. तंबू खाली आले की गिअरच्या सायकली भिंतीच्या हुकांना टांगून विसरता येतात. बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर ठेवून अधूनमधून बघाव्या लागतात, तेही वासोट्याच्या ऐन धामधुमीत.

तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल तर हिशेबही वेगळा होईल. संगम माहुलीची देवळं, लिंबची बारा मोटांची विहीर अशा फेऱ्यांसाठी येणारी कुटुंबं जास्त असतील तर बॅटरीची सायकल शोभते. घाट लागत नाही आणि अडकलेलं माणूस फार लांब नसतं. तशा थोड्या मीही ठेवल्या आहेत, पण त्या कासकडे देत नाही, कितीही पैसे देतो म्हटलं तरी. कासला जायचं म्हणणाऱ्याला गिअरची देतो, फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी केली आहे का ते विचारतो आणि ब्रेक एकदा त्याच्यासमोर दाबून दाखवतो. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिले पैसे गिअरच्या सायकलींत घालावेत, असं माझं मत आहे. बॅटरीच्या एखाद-दोन पुढच्या वर्षी, गिऱ्हाईक कुठे जातं ते पाहून घेता येतील.