साइन झालं म्हणतो, पण फोन घेत नाही

सकाळी सव्वासहाला फोन. शिरोळकडच्या एका दूध संस्थेचे सेक्रेटरी. मागं कॅन आदळल्याचे आवाज, म्हणजे संकलन चालू होतं. "दादा, तुमचं अ‍ॅप नवा फोन घेतच न्हाई बघा."

त्यांचं अ‍ॅप मी २०१६ साली केलंय. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन पदार्थ), लिटर टाकायचे, दर दहा दिवसांनी बिल निघतं. प्ले स्टोअरवर ते कधी गेलंच नाही. मी एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तिथली पोरं उतरवून घेतात. नवा फोन अँड्रॉइड १४ चा निघाला आणि माझ्या अ‍ॅपचं टार्गेट, म्हणजे ते अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आतला क्रमांक, होतं २२. अँड्रॉइड १४ ला २३ च्या खालचं टार्गेट चालत नाही, दारातूनच परत पाठवतो. म्हटलं, सोपं आहे. टार्गेट ३३ केलं, जुन्याच स्क्रिप्टनं साइन केलं, म्हणजे फाइल माझीच आहे आणि वाटेत बदलली नाही हे सांगणारी डिजिटल सही माझ्या गुप्त किल्लीनं लावली, पाठवून दिलं. जुन्या फोनांनी मुकाट्यानं घेतलं. नव्यानं पुन्हा नाही म्हटलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी साइन करायची जवळजवळ सगळी फुकट, ओपन सोर्स, टर्मिनलवर चालणारी अवजारं उलटीपालटी केली. त्यांच्याबद्दल हे.

पहिला माझ्या जुन्या स्क्रिप्टमधला जारसाइनर. हा जावाच्या जेडीकेबरोबर, म्हणजे जावात प्रोग्रॅम लिहायच्या संचाबरोबर, येतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही, म्हणून २०१६ मध्ये मी तोच धरला होता. तो काम करतो आणि शेवटी 'जार (जावाची गठ्ठा फाइल) साइन झाली' असं सांगून मोकळा होतो. खरंच झालेली असते. पण तो करतो ती जुनी, व्ही-वन पद्धतीची सही. अ‍ॅपचं टार्गेट ३० किंवा वर असेल तर अँड्रॉइड ११ पासूनचे फोन किमान व्ही-टू सही मागतात. अँड्रॉइड ११ च्या आधीच्या फोनांना ही अट माहीतच नाही, म्हणून त्यांनी घेतलं. आता गंमत बघा. जारसाइनर ताकीद द्यायला कंजूष नाही. सर्टिफिकेट, म्हणजे सहीबरोबरचं ओळखपत्र, स्वतःच सही केलेलं आहे म्हणून कुरकुरतो, टाइमस्टॅम्प नाही म्हणून कुरकुरतो. अँड्रॉइडला या दोन्हींचं काहीएक पडलेलं नाही. ज्या गोष्टीमुळं फोन अडतो तिच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. त्याचा दोष तरी कसा म्हणायचा, तो जार फायलींसाठी जन्मला, एपीके त्याला परकीच. प्ले स्टोअरवर चढवायचं एएबी बंडल साइन करायला आजही तोच वापरतात आणि तिथं तो चोख आहे.

मग एपीकेसाइनर. अँड्रॉइड एसडीकेच्या, म्हणजे अ‍ॅप बनवायच्या संचाच्या, बिल्ड-टूल्समध्ये २४.०.३ पासून मिळतो. मी स्क्रिप्टमध्ये जारसाइनरची ओळ खोडून याची घातली आणि बिल्ड पाठवला. फोन तरीही नाहीच म्हणाला! इथं मी चहा टाकला.

चूक माझी होती, पण ती मला कळली ती याच्या व्हेरिफाय कमांडमुळं. तिनं आधी ठणकावून सांगितलं की फाइल खरी ठरत नाही. मग खाली एक ओळ, जिचा मराठीत अर्थ असा: आतल्या नोंदीप्रमाणे या एपीकेवर व्ही-टू सही आहे, पण ती सापडत नाही, कुणी काढून टाकली का? शेवटी चक्क प्रश्नचिन्ह. ते वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. काढून टाकणारा माझ्याच स्क्रिप्टमध्ये पुढच्या ओळीवर बसला होता: झिपअलाइन, एपीकेमधल्या फायली ठरावीक जागी नीट रचणारा. जारसाइनर असतो तेव्हा आधी सही, मग झिपअलाइन. एपीकेसाइनरला उलटं, आधी झिपअलाइन, मग सही. एपीके मुळात एक झिपच, पण व्ही-टू सही झिपमधली एखादी फाइल म्हणून बसत नाही, ती फायली आणि शेवटची सूची यांच्या मधल्या जागेत वेगळा ठोकळा म्हणून असते. झिपअलाइन फायली सरकवून नवी झिप लिहितो आणि तो ठोकळा वाटेतच गळतो. दोन ओळी वरखाली केल्या. झालं.

कुलूप काय, सगळेच लावतात. लागलंय की नाही हे ओढून बघतो तोच माझ्या कामाचा.

एपीकेसाइनरची तक्रारही करतो, नाहीतर जाहिरात वाटेल. आउट पर्याय (नवी फाइल कुठं लिहायची तो) दिला नाही तर तो मूळ फाइलवरच लिहून टाकतो. व्हेरिफाय करताना मेटा-इन्फ फोल्डरमधल्या प्रत्येक लायब्ररीच्या बारक्या फाइलसाठी एकेक ताकीद छापतो, माझ्या अ‍ॅपला चाळीस-एक ओळी. महत्त्वाची ओळ त्या गर्दीत शोधावी लागते. आणि किल्ली बदलायची रोटेट कमांड पाहून हुरळून जाऊ नका. व्ही-थ्री सहीबरोबर अँड्रॉइड ९ पासून ती सोय आली, पण नव्या किल्लीची ओळख जुन्या किल्लीनंच करून द्यावी लागते. जुनी हरवली असेल तर रोटेटचा उपयोग शून्य. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत हे मी भोगलंय. कीस्टोअर, म्हणजे किल्ली ठेवलेली फाइल, आधीच्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप भंगारात. शेवटी सगळ्यांच्या फोनवरून अ‍ॅप काढून नवं टाकलं, आणि सिंक न झालेला डेटा गेला तो गेलाच.

उबर एपीके साइनर ही एकच जार फाइल आहे. झिपअलाइन, सही, तपासणी, तिन्ही योग्य क्रमानं स्वतःच करते. हे मला आधी सापडलं असतं तर दोन दिवस वाचले असते. पण किल्ली द्यायला विसरलात तर ती थांबत नाही, पोटातली डीबग, म्हणजे चाचणीपुरती, किल्ली वापरून मोकळी होते. फाइलच्या नावात 'डीबगसाइन्ड' असं लिहिते म्हणा, पण सकाळी सहाला फाइलचं नाव कोण वाचतंय? अशी एपीके अपडेट म्हणून जात नाही, फोन सही जुळत नाही म्हणून नाकारतो. टेस्टिंगला छान, गिऱ्हाइकाला पाठवायला मी वापरत नाही.

मॅकचं प्रकरण वेगळंच. संस्थेच्या ऑडिटरकडं मॅक आहे, त्याला रिपोर्ट काढायचा छोटा प्रोग्रॅम हवा होता, आणि माझ्याकडं मॅक नाही. आरकोडसाइन हे रस्टमध्ये लिहिलेलं अवजार लिनक्सवरून मॅकचे प्रोग्रॅम साइन करतं, अ‍ॅपलकडं नोटरायझेशनला, म्हणजे तपासून मंजुरी घ्यायला, पाठवतं, आणि मिळालेलं तिकीट फाइलला चिकटवूनही देतं. अ‍ॅपलची वर्षाची ९९ डॉलरची फी चुकत नाही, मॅकचा खर्च मात्र चुकतो. पहिल्यांदा मी हार्डन्ड रनटाइमचा फ्लॅग (प्रोग्रॅमवर जादा बंधनं घालणारा पर्याय) विसरलो, अ‍ॅपलनं परत पाठवलं, दुसऱ्यांदा पास. मला सगळ्यात आवडलं ते याचं व्हेरिफाय. चालवलं की स्वतःच सांगतं: ही कमांड सदोष आहे, दिशाभूल करणारी उत्तरं देते, अ‍ॅपलचंच अवजार वापरा. माझ्या धंद्यात एवढं खरं बोलणारं मी फारसं पाहिलेलं नाही. शेवटची तपासणी ऑडिटरच्याच मॅकवर, फोनवरून एकेक कमांड सांगत केली.

विंडोजसाठी ओएसएसएल-साइनकोड. लिनक्सवर बसून ईएक्सई साइन होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जून २०२३ पासून कोड साइनिंगच्या नव्या सर्टिफिकेटची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या बंदिस्त ठिकाणीच ठेवावी लागते. अवजार फुकट असलं तरी सर्टिफिकेट आणि टोकनचा हिशेब केल्यावर मी तो विषय पुढच्या वर्षावर ढकलला.

सध्या माझ्या स्क्रिप्टमध्ये झिपअलाइन, एपीकेसाइनर, आणि शेवटी व्हेरिफाय. ते नापास झालं तर स्क्रिप्ट तिथंच थांबते, फाइल व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत जातच नाही. सर्टिफिकेटच्या फिंगरप्रिंटची, म्हणजे ते ओळखायच्या लांबलचक संकेताची, शेवटची आठ अक्षरं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीत. कीस्टोअर दोन पेनड्राइव्हवर आहे, त्यातला एक सेक्रेटरींकडं, संस्थेच्या शिक्क्याच्या डब्यात. "हे हरवलं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिक्का हरवला तर जे होतं तेच. डबा त्यांनी लगेच तिजोरीत टाकला.