पिवळ्या गोलातला ११

लष्कराने काढून टाकलेल्या त्या ट्रकच्या पुढच्या बंपरवर पिवळा गोल होता आणि त्यात काळ्या रंगात ११ लिहिलेलं. "शेठ, मिलिटरीवाले उगाच आकडा टाकत नाहीत. अकरा टन टोचन, म्हणजे अकरा टन मागे बांधून ओढणार, डोळे झाकून घ्या," दलाल म्हणाला आणि मी खरंच डोळे झाकून घेतला. त्यात माझे अडीच लाख गेले. पैसे गेले ते गेले, पण माझा पुतण्या खंबाटकी घाटात थोडक्यात वाचला, म्हणून हे सगळं लिहितोय.

आमचे दोन जेसीबी आहेत. सातारा जिल्ह्यातल्या वाई-खंडाळा भागात शेततळी, सपाटीकरण, पाइपलाइनची कामं करतो. मशीन बंद पडलं की क्रेनवाला म्हणेल ती रक्कम द्यावी लागते. स्वतःचीच एक दणकट गाडी घ्यावी, आपली मशीनं ओढावीत आणि जमलं तर दुसऱ्यांचंही टोचन करावं, असा विचार होता. २०२२ च्या हिवाळ्यात एका ओळखीच्याकडून लष्कराच्या निकाली गाड्या विकणाऱ्या दलालाचा नंबर मिळाला. त्याच्याकडे अशोक लेलँडची स्टॅलियन होती, जबलपूरच्या वाहन कारखान्यात जोडलेली, चारही चाकांना ओढ असलेली. किंमत ५ लाख ८० हजार. त्यातले ४ लाख पतसंस्थेतून काढले.

स्टॅलियन वाईट गाडी नाही, हे आधीच सांगतो. लष्करात तिला ५/७.५ टनी म्हणतात. म्हणजे कच्च्या, डोंगराळ वाटेवर पाठीवर ५ टन आणि पक्क्या रस्त्यावर साडेसात टन. हे वजन तिच्या हौद्यात भरायचं आहे. मागे हुकाला लावून किती ओढायचं, हा हिशोब पूर्ण वेगळा. दलालाने हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले आणि वर पिवळ्या गोलाचा शिक्का मारला. "ही बोफोर्स ओढलेली गाडी आहे" हेही त्याचंच वाक्य.

त्याने मला दोन गोष्टी दाखवल्या. यार्डासमोरच्या सपाट डांबरी रस्त्यावर त्याने एका जेसीबीला ओढायची लोखंडी दांडी लावली, लो गियर टाकला आणि ट्रकने तो कागदाच्या होडीसारखा ओढला. इंजिनाचा आवाजसुद्धा चढला नाही. मग ॲव्हरेज. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, मीटरवर ४८ किलोमीटर फिरवून आणली, परत त्याच पंपावर भरली तर ८ लिटर बसलं. "सहाचं ॲव्हरेज! मिलिटरीच्या गाडीला!" मी पंपाची पावती जपून ठेवली होती, कारण मला तो पुरावा वाटला होता.

दीड महिन्याने खंडाळ्याजवळ आमचं एक मशीन बंद पडलं. ते वाईला मिस्त्रीकडे न्यायचं होतं. पुण्याकडून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत तेव्हा घाट चढावाच लागायचा, बोगदा परतीच्या वाहतुकीला होता. पुतण्या ट्रकवर, मी मागे जेसीबीच्या स्टिअरिंगवर, क्लीनर पोरगा ट्रकमध्ये. पहिली दोन वळणं गेली. पुढे ट्रक दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर आला आणि जळक्या क्लचचा वास मला मागे बसून आला. मग गाडी थांबली. आणि मग ती मागे यायला लागली.

इंजिन बंद असलेल्या जेसीबीचं स्टिअरिंग हाताला दगडासारखं लागतं आणि ब्रेकवर उभं राहिलं तरी पुरेसा धरत नाही. मशीन तिरकं झालं, दांडी वाकली आणि तिच्या ताणाने ट्रकची मागची बाजू कठड्याकडे सरकली. क्लीनर पोराने उडी मारून रस्त्याकडेचा दगड मागच्या चाकाखाली सारला, म्हणून गाडी थांबली. मागे दोन कंटेनर आणि एक एसटी उभी होती. पुतण्या खाली उतरला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते, आणि त्याला काय बोलावं ते मला सुचेना. शेवटी क्रेनच बोलवावी लागली.

खरी गोष्ट मला कळली ती साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावच्या एका निवृत्त हवालदारांकडून. आयुष्यभर ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, गाड्या दुरुस्त केलेले गृहस्थ. ट्रकभोवती एक चक्कर मारून ते गोलापाशी थांबले.

"कुणी सांगितलं टोचनाचा आकडा म्हणून? बाळा, हा पुलाचा आकडा हाय."

लष्कराच्या गाडीवरचा पिवळा गोल म्हणजे तिचा भारवर्ग. पुलाच्या तोंडाशीही तसाच गोलात लिहिलेला आकडा असतो. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याएवढा किंवा कमी असेल तरच ती गाडी पुलावर घालायची. म्हणजे तो आकडा भरलेली गाडी पुलाला किती जड पडते ते सांगतो. ती किती ओढेल याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

बोफोर्सचं ऐकून ते गप्प झाले आणि मग शांतपणे म्हणाले, "ती जवळपास १२ टनांची तोफ. तिला ओढायला तोफेबरोबर स्वीडनहून स्कॅनियाचे वेगळे ट्रॅक्टर आणले होते, सहाही चाकांना ओढ असलेले. तुझ्या गाडीसारखीच्या मागे १०५ मिलिमीटरची फील्ड गन समज. साडेतीन टनांच्या आतबाहेर." बंद पडलेल्या गाड्या ओढायला लष्करातही निराळी रिकव्हरी वाहनं असतात, मालवाहू ट्रकला ते काम लावत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

मग त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मला आकडे मांडून दाखवले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. डांबरी सपाटीवर रबरी टायरचं वाहन ढकलायला टनाला १० ते १५ किलो जोर पुरतो. साडेसात टनांच्या जेसीबीला धरा ११० किलो. म्हणजे दलालाने मला ११० किलोची ओढ दाखवली, तीही लो गियरमध्ये. आता १५ फुटांना १ फूट चढ घ्या. जेसीबीचं वजनच ५०० किलोने मागे खेचतं, वर ते ११० आहेतच. ओढ साडेपाच पटीवर गेली. ट्रकला स्वतःचे साडेसहा टनही त्याच चढावर न्यायचेत, ते निराळं. "लो गियर टाकून रांगत चढलीही असती," ते म्हणाले, "पण उतरताना काय केलं असतंस?" त्यांनी ट्रकच्या मागची ट्रेलर ब्रेकची तोंडं दाखवली, मागे जोडलेल्या ओझ्यालाही ब्रेक लागावा म्हणून नळी जोडायची असते ती. प्लग ठोकून बंद केलेली आणि वरून रंग मारलेला. घाट चढलो असतो तर पलीकडच्या उतारावर १४ टन एकट्या ट्रकच्या ब्रेकवर आले असते. त्या दिवशी क्लच जळला हे आमचं नशीब, असं मला अजूनही वाटतं.

ॲव्हरेजचं गूढ टायरमध्ये होतं. मूळचे मोठे टायर काढून साध्या ट्रकचे ९.००-२० बसवले होते. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं, त्यामुळे मीटर पुढे पळतो. आणि लहान चाकाने ओढही थोडी जास्त भासते, म्हणजे एका बदलात दोन्ही फसवणुकी साधल्या. मी फोनच्या जीपीएसवर तपासलं. मीटर २१० दाखवत होता तेव्हा फोनवर १९० किलोमीटर होते आणि डिझेल ६८ लिटर गेलं होतं. ॲव्हरेज २.८, तेही रिकाम्या गाडीचं. पंपावरचे ८ लिटर कसे बसले? पहिल्या वेळी त्याने गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरली होती आणि दुसऱ्या वेळी नोझल एकदा कट होताच हात काढला होता. एवढ्या मोठ्या टाकीत सात-आठ लिटर सहज लपतात. मी शेजारी उभा होतो, पण माझी नजर पंपाच्या आकड्यावर होती, टाकीच्या तोंडावर नव्हती.

डोंगरात हळू, जड ओझं घेऊन चढण्यासाठी बनवलेली गाडी. जाड चासी, चारही चाकांना जोर वाटणारी ट्रान्सफर केस, पुढच्या एक्सललाही गियर. ती हायवेवर सहाचं ॲव्हरेज कुठून देणार? माझ्या कामाला डिझेलचा खर्चच न परवडणारा होता.

तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, लेखी काय आहे? लिलावातल्या गाड्या "जशी आहे, जिथे आहे" या अटीवर जातात आणि दलालाने माझ्या विक्रीच्या चिठ्ठीतही तेच वाक्य घातलेलं. टन आणि ॲव्हरेज सगळं तोंडी. सुदैवाने त्याचे व्हॉट्सॲपवरचे दोन व्हॉइस मेसेज मी पुसले नव्हते. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने ५० हजार परत केले. त्यामुळे कोणाशी असा व्यवहार करत असाल तर ओढीचा आकडा ब्रेकसह किती आणि ब्रेकशिवाय किती, हे चिठ्ठीवर सहीसकट घ्या. केबिनमधली कंपनीची पाटी रंगाखाली गेली असेल तर तिथेच ब्लेडने खरवडून वाचा. टायरचं माप मूळ मापाशी ताडून पाहा. आणि चाचणी तुमच्या घाटात, तुमच्या ओझ्यासह घ्या. तयार नसेल तर उठून या.

क्लच आणि दांडीला ४५ हजार लागले. मागच्या वर्षी ट्रक ३ लाख २५ हजारांना एका पाण्याच्या टँकरवाल्यांना दिला. त्यांचं काम सपाट भागातलं, गावापासून वस्तीपर्यंतचं, आणि पाणी हौद्यावर असतं. स्टॅम्प पेपरवर मी माझ्या हाताने लिहून दिलं: ॲव्हरेज २.८, मीटर १० टक्के जास्त दाखवतो, ट्रेलर ब्रेक बंद, टोचनाला वापरू नये. न्यायला आले त्या सकाळी पुतण्याने रंगाचा डबा आणला आणि बंपरवरचा पिवळा गोल पुसून टाकला.