नवे एलईडी पथदिवे, चार महिन्यांनंतर: दिवे चांगले, घड्याळ खराब

नवरात्राच्या आधी आमच्या गल्लीत नगरपालिकेनं नवे एलईडी दिवे बसवले, त्याला आता चार महिने झाले. दिवे बसवले त्या आठवड्यात मी सगळ्यांना फोटो पाठवून लई कौतुक केलं होतं, डिसेंबरात त्याच लोकांना लई वाईट लिहिलं, आणि आता त्यातलं बरंच मागं घ्यायची वेळ आलीय म्हणून हे सविस्तर लिहायलोय. शहराचं नाव टाकत नाही, मराठवाड्यातलं मध्यम शहर समजा, कारण हा प्रॉब्लेम खूप ठिकाणी असणार आणि मला कोणाचं नाव खराब करायचं नाही, दिवे वेळेवर लागावेत एवढंच पाहिजे.

दिव्याबद्दल आधी थोडक्यात. आधी ट्यूबलाईट होत्या, ४० वॅटच्या, त्यातल्या निम्म्या बंद आणि उरलेल्या फडफड करणाऱ्या. आता २० वॅटचे एलईडी आहेत आणि उजेड आधीपेक्षा नक्की जास्त आहे, खांबाच्या खाली नाही तर दोन खांबांच्या मधेसुद्धा रस्ता दिसतो. देशात ही एलईडी पथदिव्यांची योजना २०१५ ला सुरू झाली, आमच्यापर्यंत उशिरा आली पण आली. चार महिन्यात आमच्या बाजूचा एकही दिवा उडाला नाही, पावसाचं शेवटचं झोडपून झालं तरी नाही. समोरच्यांच्या बेडरूमात उजेड जातो अशी त्यांची तक्रार आहे, त्यांनी पडदा लावला, विषय संपला. दिव्याला म्हणून मी पाचपैकी साडेचार देईन.

पण दिवा कधी लागतो आणि कधी विझतो ह्यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते कोणी बघतच नाही. मी गेले अडीच महिने फक्त हेच बघायलोय. घरचे म्हणतात तुम्हाला दुसरं काम नाही का. नाही, मला हे महत्त्वाचं वाटतं.

आमच्या गल्लीची सकाळ साडेपाचला सुरू होते. दूधवाला, पेपरवाला, आणि त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे ट्यूशनची पोरं. लातूर पॅटर्नचं वारं आता सगळीकडंच आहे, अकरावी बारावीची पोरं पोरी सहाच्या बॅचला जातात, तोंडाला स्कार्फ, पाठीवर सॅक, सायकलवर नाहीतर पायी. गल्लीच्या तोंडाशी नालीवरचं एक झाकण फुटलेलं आहे आणि तिथंच कुत्री बसतात. नवे दिवे संध्याकाळी साडेसहाला लागायचे आणि सकाळी सहाला विझायचे. ऑक्टोबरात हे चाललं. नोव्हेंबर लागला तसं घोटाळा कळायला लागला.

इकडं मराठवाड्यात जून महिन्यात सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो, पण नोव्हेंबरच्या शेवटी पावणेसहालाच मावळतो. आणि बहुतेकांना वाटतं की २१-२२ डिसेंबरला सगळ्यात छोटा दिवस, म्हणजे सकाळचा अंधारही तेव्हाच सगळ्यात जास्त. तसं नाही. संध्याकाळ सगळ्यात लवकर नोव्हेंबरअखेर होते आणि सकाळ सगळ्यात उशिरा जानेवारीच्या मध्यात, बरोबर संक्रांतीच्या आसपास, तेव्हा सूर्य सातच्या जवळ उगवतो. म्हणजे डिसेंबर संपला, आता दिवस मोठा होणार म्हणून सकाळचे दिवे लवकर बंद केले तर चुकतंच, कारण पोरांचा अंधार अजून वाढायला लागलेला असतो. सहाला दिवे विझले की साडेसहापर्यंत रस्त्यावर काळोख, आणि नेमकी तीच वेळ गर्दीची.

मग मी नगरपालिकेच्या तक्रार ॲपवर तक्रार टाकली. ॲपमधे पथदिव्यासाठी दोनच पर्याय आहेत, एक दिवा बंद आहे, दुसरा दिवा दिवसा चालू आहे. दिवा चुकीच्या वेळेला लागतो असा पर्यायच नाही. मी पहिला निवडला आणि खाली सगळं सविस्तर लिहिलं, खांब नंबर सकट. चौथ्या दिवशी मेसेज आला, तपासणी केली, दिवा चालू आढळला, तक्रार बंद. वेळ बघितली तर रात्रीचे नऊ वाजून गेले होते. रात्री नऊला दिवा चालूच असणार हो! परत टाकली, परत तसंच. तिसऱ्यांदा मी लिहिलं की कृपया संध्याकाळी सहा वाजता येऊन बघा, तेव्हा तर कोणी आलंच नाही आणि तरी तक्रार बंद झाली. ॲपला मी शून्य देतो, आणि हे मत अजून बदललं नाही. तक्रार करणाऱ्याला विचारल्याशिवाय तक्रार बंद करता येऊच नये.

डिसेंबरात आणखी विचित्र सुरू झालं. दिवे साडेसहाऐवजी सात वीसला लागायले, मग काही दिवसांनी पावणेआठला, मग आठ चाळीसला. आणि सकाळी? सहाला विझायचे ते आता आठ दहापर्यंत चालू! ऊन अंगावर घेत म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली आणि डोक्यावर दिवा जळतोय. मी हिशोब केला, आमच्या पेटीवर, म्हणजे जिथून गल्लीचे दिवे चालू-बंद होतात तिच्यावर, साधारण ६० दिवे, २० वॅटनी १२०० वॅट, सूर्य उगवल्यावर तासभरापेक्षा जास्त चालू म्हणजे रोजचं दीड युनिट, महिन्याला पन्नासच्या जवळ. माझ्या घरात गिझर मी दहा मिनिटांच्या वर चालू देत नाही, बाहेर पडताना तीनदा बटणं बघतो, आणि इथं रोज भर उन्हात दिवे. गावाकडं ग्रामपंचायतीच्या पावतीवर दिवाबत्ती कर वेगळा लिहून येतो, इथं मालमत्ता कराच्या आकड्यात सगळं एकत्र, पण भरतो तर आपणच ना. मी घरपट्टी दरवर्षी वेळेवर भरतो, एक रुपया बाकी नाही. त्या रागात मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं की हे कर्मचारी झोपा काढतात, ह्यांना कोणाचं काही पडलेलं नाही. ते शब्द माझे होते आणि ते चुकीचे होते.

त्याच्यातच येळवस आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेळ अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी शहर रिकामं होतं, सगळे शेतात. भज्जी, उंडे, आंबील, दिवसभर रानात आणि संध्याकाळी परत. आम्ही सातच्या सुमारास परतलो. अमावस्येची रात्र, चंद्राचा प्रश्नच नाही, आणि अख्खी गल्ली काळी. ६० दिवे डोक्यावर आणि एक चालू नाही. शेजारच्या काकू टोपलं घेऊन रिक्षातून उतरल्या आणि त्या फुटक्या झाकणातच पाय गेला. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. त्यांचं घर त्यांच्या हातावर चालतं, त्या शेवया पापडाच्या ऑर्डरी घेतात, संक्रांतीच्या तिळगुळाची ऑर्डर त्यांना सोडावी लागली. नंतर मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आठ चाळीस झाले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळे दिवे एकदम लागले. मला तेव्हा रडायलाच आलं.

दुसऱ्या दिवशी मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून काढला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, की ह्या पेटीची शेवटची देखभाल कधी झाली. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. पण त्याची वाट बघायची वेळ आली नाही, कारण अर्ज द्यायला गेलो तिथं विद्युत विभागाचे वायरमन भेटले. साधारण पस्तिशीचा माणूस, हातात पकड आणि टेस्टर. मी थोडं तावातच बोललो. ते शांतपणे म्हणाले, काका, अकरा वाजता येतो, तुम्ही पेटीपाशी थांबा.

आणि आले. खांबाजवळची लोखंडी पेटी उघडली, मला लांब उभं केलं, म्हणाले आत तीन फेज आहे, हात लावायचा नाही. आत मीटर, फ्यूज, कॉन्टॅक्टर (सगळे दिवे एकदम चालू-बंद करणारा मोठा स्विच) आणि एका कोपऱ्यात तळहाताएवढं घड्याळ. गोल चकती, तिच्या कडेनं बारीक बारीक प्लॅस्टिकच्या खुंट्या, एकूण ९६. एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं, ९६ म्हणजे चोवीस तास. चकती दिवसाला एक चक्कर मारते, खुंटी आत ढकलली की त्या वेळेला दिवा चालू, बाहेर असली की बंद. एवढंच. सगळ्या गल्लीची संध्याकाळ त्या खुंट्यांवर. मी वाकून बघितलं, माझ्या मनगटावर अकरा दहा झाले होते आणि चकतीचा बाण नऊवर होता.

ते म्हणाले, "काका, हे घड्याळ लाईट गेली की थांबायलंय. आत छोटी बॅटरी असती, लाईट नसताना घड्याळ चालायसाठी. ती मेलीय. जेवढा वेळ लाईट जाती तेवढं हे मागं राहायलंय."

म्हणजे पन्नास मिनिटं लाईट गेली की दिवे पन्नास मिनिटं उशिरा, परत अर्धा तास गेली की अजून अर्धा तास. सगळी गळती साचून दोन तास दहा मिनिटं झाली होती. कोणी झोपा काढत नव्हतं. आणि माझा युनिटाचा हिशोबही मला तिथंच कळला, वीज जास्त जळतच नव्हती, सकाळी उन्हात जळालेला वेळ म्हणजे संध्याकाळच्या अंधारातून गेलेला वेळ. काकूंच्या पायाखालचा उजेड दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पडत होता.

मी विचारलं एवढ्या दिवसात कोणी का नाही बघितलं, तर म्हणाले अख्ख्या शहराला आम्ही चार जण, ॲपवर तक्रार येते दिवा बंद, आम्ही रात्री गाडी घेऊन फिरतो, दिवा चालू दिसतो, पुढं जातो. पेटी उघडायची असं तक्रारीत कोणी लिहीत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग त्यांनी चकती फिरवून वेळ जुळवली आणि टेस्टरच्या टोकानं खुंट्या सरकवल्या, संध्याकाळच्या तीन जास्तीच्या आत, सकाळच्या तीन आत. आता पावणेसहाला चालू, पावणेसातला बंद. घड्याळ लावून बघितलं नाही पण दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. इतके दिवस मी ज्यासाठी भांडलो ते दोन मिनिटांचं काम होतं, आणि ह्याचा राग मला अजूनही आहे, त्या माणसावर नाही, व्यवस्थेवर.

त्या संध्याकाळी मी आणि काकू, त्या गळ्यात हात अडकवलेल्या, ओट्यावर बसलो होतो. पावणेसहाला मिनिटभर कमी असताना पहिल्या खांबापासून शेवटपर्यंत सगळे लागले, आकाशात अजून तांबडं होतं. पोरं शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होती, त्यांनी ओरडून टाळ्या वाजवल्या.

मग मी ग्रुपवर माझा आधीचा मेसेज चुकीचा होता असं स्पष्ट लिहिलं आणि वायरमनला फोन करून सांगितलंही.

बॅटरीचं मात्र अजून झालेलं नाही. वायरमन म्हणाले नवं डिजिटल घड्याळ येतं, त्यात शहराचे अक्षांश रेखांश टाकले की रोजचा सूर्योदय सूर्यास्त ते स्वतः काढतं, खुंट्या हलवायची गरज नाही. त्याची मागणी त्यांनी वर पाठवलीय. मी इलेक्ट्रिकलच्या दुकानात चौकशी केली, दोन अडीच हजारांच्या आसपास सांगितलं. गल्लीतल्या एकानं सुचवलं वर्गणी काढू, घरटी पन्नास रुपये. मी नाही म्हणालो. पन्नास रुपयांचा प्रश्न नाही, पण आज आपण घेतलं की उद्या शेजारच्या गल्लीला सांगतील तुम्हीही घ्या, आणि जिथं वर्गणी निघत नाही तिथं अंधारच राहील. अर्ज मी मागं घेतलेला नाही, उलट त्यात एक ओळ वाढवली, शहरात एकूण किती पेट्यांमधे बॅटरी बंद आहे.

तोपर्यंतची सोय अशी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी लाईट गेलेली आणि आलेली वेळ लिहून ठेवतो. परवा शनिवारी चाळीस मिनिटं गेली होती, मी ग्रुपवर आधीच लिहिलं आज दिवे सहा पंचवीसला लागतील, आणि सहा पंचवीसलाच लागले. रविवारी वायरमनला फोन केला, सोमवारी सकाळी येऊन चकती पुढं करून गेले.

तुमच्याकडं दिवे उशिरा लागत असतील आणि सकाळी तेवढेच उशिरा विझत असतील तर दोन्हीकडचा फरक घड्याळात बघा. सारखाच निघाला तर तक्रारीत दिवा बंद असं लिहू नका, "पेटीतलं टायमर घड्याळ मागं पडलंय, बॅटरी बघा" असं लिहा, आणि ॲपवर नाही, कागदावर लिहून विद्युत विभागात द्या, पोच घ्या. स्वतः पेटी उघडू नका.

सध्याचे मार्क, दिवे साडेचार, घड्याळ एक, ॲप शून्य, वायरमन पाच. काकूंचं प्लास्टर पुढच्या बुधवारी निघणार आहे. नालीचं झाकण अजून फुटलेलंच आहे, त्याचा अर्ज काल दिला.