बारावीची केमिस्ट्री: मिळून बसायचं का एकट्यानं?

जानेवारी लागला की बारावी सायन्सचे पोट्टे हेच विचारून राहतात, केमिस्ट्री ग्रुपमध्ये करावी का घरीच एकट्यानं बसावं. माझं मत पहिलेच सांगून टाकतो. ऑरगॅनिक आणि थिअरी मिळून करा, न्यूमेरिकल आधी एकट्यानं सोडवा, आणि पेपरच्या आदल्या रात्री कोणाकडे जाऊ नका. आता का ते सांगतो, कारण प्रत्येकाच्या घरची गत वेगळी असते आणि त्यावर लय काही अवलंबून आहे.

पहिले महाराष्ट्र बोर्डाचा पेपर बघा. थिअरी ७० मार्कांची, प्रॅक्टिकल ३० चं. त्या ७० मध्ये १० मार्क एमसीक्यूचे, ८ एकेका मार्काच्या छोट्या उत्तरांचे, मग २ मार्कांचे १२ पैकी ८, ३ मार्कांचे १२ पैकी ८ आणि ४ मार्कांचे ५ पैकी ३ प्रश्न. म्हणजे ५२ मार्क तर नुसते लिहून दाखवायच्या उत्तरांचे झाले, आणि तेही इंग्रजीत. आपल्याकडच्या पोरांची खरी अडचण इथंच आहे. दहावीपर्यंत गावातल्या शाळेत सगळं मराठीत शिकलेलं असतं आणि अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात गेलं की एकदम इंग्रजी पुस्तक हातात, मग पोरगा हुशार असला तरी पानभर वाचतो आणि डोक्यात काहीच शिरत नाही.

यासाठी ग्रुपसारखं काही नाही. अमाइन्सच्या धड्यातली हिन्सबर्ग टेस्ट घ्या, म्हणजे अमाइन प्रायमरी, सेकंडरी का टर्शरी हे ओळखायची टेस्ट. एकट्यानं पाठ केली तर एवढंच राहतं की प्रायमरी अमाइनची बेंझीनसल्फोनिल क्लोराइडसोबत रिअॅक्शन झाल्यावर जे बनतं ते केओएचमध्ये, म्हणजे अल्कलीत, विरघळतं, सेकंडरीचं विरघळत नाही आणि टर्शरी रिअॅक्शनच देत नाही. चार दिवसांनी यातलं प्रायमरी कोणतं आणि सेकंडरी कोणतं याची उलटापालट होते. पण तिघं बसले असले की एखादा विचारतोच, "अबे पण सेकंडरीचं कायले नाही विरघळत?" मग दुसऱ्याला कागदावर स्ट्रक्चर काढून सांगावं लागतं की प्रायमरीपासून जे बनलं त्यात नायट्रोजनवर एक हायड्रोजन उरलेला आहे, बाजूच्या सल्फोनिल ग्रुपमुळे तो अॅसिडिक झाला, म्हणून अल्कली त्याला ओढून घेते आणि सॉल्ट बनून ते पाण्यात जातं, अन् सेकंडरीत तो हायड्रोजनच उरलेला नाही. हे एकदा आपल्या बोलीत भांडून समजलं की डोक्यातून जात नाही. अल्डॉल आणि कॅनिझारो या रिअॅक्शनचंही तसंच, अल्फा हायड्रोजन (सीओ ग्रुपच्या लगतच्या कार्बनवरचा) आहे का नाही एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास वाद होतो आणि तो अर्धा तास वाया जात नाही. कोऑर्डिनेशन कंपाउंडची आययूपीएसी नावं, म्हणजे नियमानं पाडलेली नावं, तर एकानं फॉर्म्युला द्यायचा आणि दुसऱ्यानं नाव सांगायचं अशीच करावी, लवकर बसतात.

न्यूमेरिकलला मात्र हाच ग्रुप घात करतो. कायनेटिक्समधल्या फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शनचं साधं गणित बघा: ५० मिनिटांत ४० टक्के विघटन झालं, तर ८० टक्क्यांना किती वेळ लागेल? पहिल्यांदा करणारा हमखास लॉगमध्ये १०० भागिले ४० टाकतो. खाली ठेवायचं असतं ते उरलेलं, म्हणजे ६०. ग्रुपमध्ये होतं काय, तुम्ही ४० लिहायच्या आधीच बाजूचा म्हणतो "६० ठेव ना बे खाली", तुम्ही ठेवता, के (रेट कॉन्स्टंट) येतो साधारण ०.०१०२ प्रति मिनिट, उत्तर येतं १५७ मिनिटांच्या आसपास, आणि सगळ्यांना वाटतं जमलं. तुम्हाला ते जमलेलंच नसतं, त्यानं जमवून दिलेलं असतं. आणि कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, तर ग्रुपमध्ये टेबल एकाच्याच हातात आणि बाकीचे आकडा लिहून घेऊन राहिले असं चित्र असतं. अँटीलॉग काढायला स्वतःचं बोट त्या रकान्यावर फिरलं पाहिजे. म्हणून सोल्युशन्स, आयॉनिक इक्विलिब्रिया, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स या धड्यांची गणितं घरी आपल्या वहीत करा, जिथं अडलं तिथं फुली मारा आणि फक्त फुलीवाली गणितं ग्रुपमध्ये न्या.

पण घरी बसायला जागा तर पाहिजे! दोन खोल्यांचं घर, एकीत टीव्ही, तुरी काढणं सुरू, त्यात हरभऱ्याला रात्रीची लाइन आली तर बापासोबत ओलिताला जावं लागतं, अशा पोराला "एकांतात अभ्यास कर" म्हणणं सोपं आहे. त्याच्यासाठी ग्रुपच बरा, पण निदान जागेसाठी. समाजमंदिर किंवा शाळेची खोली सरपंचाला नाहीतर सरांना विचारून बघा, परीक्षेच्या दिवसांत सहसा कोणी नाही म्हणत नाही. तिथं गेलं तरी पहिला तास सगळ्यांनी तोंड बंद ठेवून आपापली गणितं करायची. तालुक्याला मित्राच्या रूमवर जाऊन राहणं मला फारसं पटत नाही. जाण्यायेण्याचा त्रास वाचतो हे खरं, पण अर्धी रात्र गप्पांत जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप, मग शिकलं काय?

पोरींचं गणित वेगळं आहे. संध्याकाळच्या एसटीनं गावात आल्या की अंधार पडल्यावर बाहेर बसू देत नाहीत, त्यामुळे रात्रीचा ग्रुप त्यांना धरायचाच नाही. त्यांनी कॉलेज सुटल्यावर गाडी येईपर्यंतचा वेळ पकडावा, रिकाम्या वर्गात तिघी-चौघी मिळून थिअरी होते. रात्री अडलेल्या गणिताचा फोटो पाठवून व्हॉइस मेसेज मागवायचा, हे व्हिडिओ कॉलपेक्षा चांगलं चालतं कारण आमच्याकडे नेट मधूनच जातं, आणि मेसेज परत परत ऐकता येतो.

किती जण? तीन, फार तर चार. पाचवा आला की दोन गट पडतात. एक जण तुमच्यापेक्षा पुढचा पाहिजे आणि एक मागचा, कारण मागच्याला समजावताना आपलं पक्कं होतं. सगळेच कच्चे असले तर एकमेकांच्या चुका पाठ होतात, त्यापेक्षा एकटे बसा आणि कॉलेजच्या सरांना गाठा.

इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशाची सीईटी द्यायची असेल तर थोडा फरक पडतो. तिथं केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, पण फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून ९० मिनिटं, म्हणजे सगळा खेळ वेगाचा. घड्याळ लावून एकट्यानंच पेपर सोडवा, ग्रुपमध्ये फक्त चुकलेले प्रश्न बघा.

आणि बोर्डासाठी एक काम ग्रुप झाल्यावर रोज कराच. जे आज आपल्या बोलीत समजलं त्यातली दोन उत्तरं घरी येऊन इंग्रजीत पूर्ण लिहा, रिअॅक्शन आणि कंडिशनसकट, पुस्तक बंद ठेवून. दुसऱ्या दिवशी वह्या अदलाबदल करून तपासा. इंग्रजीचं वाक्य मोडकं असलं तरी हरकत नाही, पण अल्डॉलच्या बाणावरचं "डायल्यूट एनएओएच" राहिलं असेल तर तिथं लाल पेननं गोल मारा.