माटेरा : गुहेतल्या रूममध्ये दोन रात्री

दक्षिण इटलीत जाणारे बरेच जण जवळच्या बारी शहरातून सकाळी माटेराला येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत. प्लीज तसं करू नका. आम्ही सासो कावेओसो या जुन्या गुहा-वस्तीतल्या एका छोट्या गेस्टहाउसला दोन रात्री राहिलो, रूम म्हणजे खरोखर डोंगरात कोरलेली गुहा, मागच्या भिंतीला प्लास्टर नाही, नुसता पिवळसर दगड आणि त्यात बारीक बारीक शिंपले अडकलेले, हाताला लागतात. आई झोपताना किती तरी वेळ त्यावरनं बोटं फिरवत होती.

बाहेर जुलैचं ऊन आणि आत मस्त गार, एसी लावलाच नाही. पण ओल आहे. पहिल्या रात्री टॉवेल वाळलेच नाहीत, सांगितल्यावर ओल शोषणारं मशीन आणून दिलं, ते आधीच द्यायला हवं होतं. आणि गाडी दारापर्यंत येत नाही हे बुकिंगच्या वेळी कुणी बोललं नाही, बॅगा उचलून शंभरावर पायऱ्या उतरलो, आईचे गुडघे दुखायला लागले. वयस्कर माणसं सोबत असतील तर वरच्या रस्त्याजवळची रूम आहे का ते आधी विचाराच.

जवळच विको सोलितारिओ या गल्लीतलं जुनं गुहा-घर बघायला ठेवलंय, एकाच खोलीत अख्खं कुटुंब, खेचर, कोंबड्या. मलेरियानं माणसं दगावायची इथं. गुहा रिकाम्या करायच्या 1952 च्या कायद्यानंतर पंधरा हजारांच्या आसपास लोकांना नव्या वस्त्यांत हलवलं, मग 1993 ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं. रात्री परत आपल्या रूममध्ये आलो तेव्हा त्या भिंती वेगळ्याच वाटायला लागल्या, खरंच झोप लागेना.

मेन चौकाखालचं पालोंबारो लुंगो चुकवू नका. आपल्या गडांवर असतं तसं कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, पण केवढं, जवळपास 50 लाख लिटरचं!

खायला व्हेज भरपूर. सुक्या फवाचं (वालासारखं कडधान्य) घट्ट वरण म्हणावं तसं आणि वर कडसर पालेभाजी, तळलेल्या कुरकुरीत सुक्या लाल मिरच्या (तिखट नाहीत), आणि इथला पाव, ड्युरम म्हणजे आपल्या बन्सी गव्हासारख्या गव्हाचा, जाड सालीचा, चौथ्या दिवशीही चांगला होता.

बारीहून छोटी ट्रेन आहे, साधारण दीड-दोन तास. रविवारी ट्रेनऐवजी बस असू शकते, तेवढं बघून प्लॅन करा.