डिस्ट्रिक्टचं फुकट इव्हॅल्युएशन, होमस्कूलवाल्यांच्या नजरेतून: टेस्टिंगला पाच स्टार, फोन उचलणाऱ्यांना एक

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टचा (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचा) हा रिव्ह्यू आहे, मुलाला वाचायला का अडतं हे तपासणाऱ्या त्यांच्या फुकट इव्हॅल्युएशनचा. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ज्या ऑफिसने मला रडवलं त्याच ऑफिसातल्या दोन बायकांनी नंतर इतकं मन लावून काम केलं की नाव घेऊन बोंब मारायची इच्छाच उरली नाही.

मुलगा नऊ वर्षांचा. दुसरीनंतर शाळेतून काढला आणि आता घरीच शिकतो (मी शिकवते, नवरा गणित घेतो, ते पण शनिवारी, मूड असेल तर). गोष्ट एकदा ऐकली की पाठ, डायनोसॉरची जिभेला गाठ पडेल अशी नावं पाठ, पण वाचायला बसवलं की पोटात दुखतं, पाणी हवं, शू लागते. शाळेत असताना सगळ्यांनी एकच सांगितलं, घरात मराठी बोलता ना, दोन भाषांमुळे गोंधळतोय, इंग्लिशच बोला. सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर म्हणायच्या, अगं मुलगे उशिराच शिकतात, त्याचा बाप पण चौथीपर्यंत असाच होता.

गंमत म्हणजे माझी ट्यूब पेटली ती मराठीमुळेच. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या तेव्हा अंकलिपी घेऊन आल्या आणि रोज दुपारी नातवाला घेऊन बसायच्या. आता मराठीत काय, इंग्लिशसारखी स्पेलिंगची भानगड नाही, लिहिलंय तसं वाचायचं, तरी हा तिथेही अडायचा. मात्रा गळायची, 'मोर'चा 'मार' व्हायचा, 'केस'चा 'कस', जोडाक्षर आलं की अंदाजपंचे, आणि वरच्या ओळीत वाचलेला शब्द खालच्या ओळीत आला की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईच तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, हे आळशीपणाचं नाही दिसत गं. दोन्ही भाषांत एकाच जागी पाय अडकतोय म्हणजे भाषेला कशाला दोष द्यायचा.

प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टचा कोट आला साडेतीन हजार डॉलर, वर चार महिने वेटिंग. मग लायब्ररीत भेटणाऱ्या एका होमस्कूलवाल्या मैत्रिणीने सांगितलं की डिस्ट्रिक्टकडे माग, त्यांना फुकट करून द्यावंच लागतं. माझा विश्वासच बसेना. आपण त्यांच्या शाळेत मूल घालत नाही तर ते कशाला करतील? पण आहे हे खरं. १९७५ साली प्रेसिडेंट फोर्डच्या सहीने जो कायदा झाला, ज्याला १९९० पासून 'आयडिया' (इंडिव्हिज्युअल्स विथ डिसेबिलिटीज एज्युकेशन अ‍ॅक्ट) म्हणतात, त्यात 'चाइल्ड फाइंड' नावाची जबाबदारी आहे. म्हणजे शिकताना खास मदत लागणारी मुलं डिस्ट्रिक्टने स्वतःहून शोधायची, आणि त्यात प्रायव्हेट शाळेतली मुलंही आली. टेक्सासात होमस्कूल म्हणजे प्रायव्हेट स्कूलच धरतात, तसा इथल्या सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा निकालच आहे. दुसऱ्या स्टेटमध्ये असाल तर तिथे होमस्कूलला काय समजतात ते बघा, ते प्रत्येक स्टेटचं वेगळं असतं. आणि प्रॉपर्टी टॅक्स तर आपण भरतोच ना बाबा, आमच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा स्कूल डिस्ट्रिक्टचाच असतो.

तर फोन केला. पहिली बाई म्हणाली, आधी एनरोल करा (म्हणजे आमच्या शाळेत नाव घाला) मग बघू. चार दिवसांनी परत केला तर दुसरी म्हणाली, आधी शाळेत काही आठवडे इंटरव्हेन्शन (म्हणजे जादा मदतीचे तास) होऊ द्या, तो डेटा लागतो. शाळेतच नाही तर डेटा कुठून आणू? दोन्ही गोड आवाजात, दोन्ही साफ चूक. एनरोल करायची अट नाही, आणि इंटरव्हेन्शनचं कारण पुढे करून इव्हॅल्युएशन लांबवायचं नाही असं फेडरल शिक्षण खात्याने २०११ मध्येच लेखी कळवलेलं आहे. मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं, मी थँक यू म्हणून फोन ठेवला आणि भांडी घासत बसले.

माझं मत विचाराल तर ही त्या बायांची वैयक्तिक चूक नसून जुनी सवय आहे. टेक्सासने २००४ पासून साडेआठ टक्क्यांचा आकडा ठेवला होता, स्पेशल एज्युकेशनमधली (म्हणजे खास मदत मिळणारी) मुलं एकूण मुलांच्या तेवढ्या टक्क्यांच्या वर गेली की डिस्ट्रिक्टचे मार्क कमी. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या पेपरने ते बाहेर काढलं आणि २०१८ च्या जानेवारीत फेडरल सरकारने सांगितलं की तुम्ही कायदा मोडलाय. आकडा गेला, पण इतकी वर्षं माणसं दारातूनच परत पाठवायची सवय लागलेल्या ऑफिसांतनं ती एका रात्रीत थोडीच जाते.

मग मैत्रीण म्हणाली फोन करूच नको, लिही. ईमेल केला, स्पेशल एज्युकेशनच्या डायरेक्टरला, सीसीमध्ये आमच्या झोनच्या शाळेची प्रिन्सिपल. चारच ओळी: मुलाचं नाव आणि जन्मतारीख, तो होमस्कूल्ड आहे, मला डिस्लेक्सियाची (म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीची) शंका आहे, आणि मी 'आयडिया' खाली फुल इंडिव्हिज्युअल अँड इनिशिअल इव्हॅल्युएशनची लेखी मागणी करतेय. हे शब्द असेच्या असे टाका, 'थोडं टेस्टिंग करता येईल का' वगैरे लाजत लाजत लिहू नका. लेखी मागणी आली की इथे त्यांना १५ शाळेच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, एकतर हो म्हणून कन्सेंट फॉर्म द्यायचा नाहीतर नाही का म्हणतोय ते कागदावर लिहून द्यायचं. कागदावर नाही म्हणायला कोणाचा हात पटकन उठत नाही. अकराव्या दिवशी फोन आला, त्याच गोड आवाजात, जणू आधी काही झालंच नाही.

यानंतरचा सगळा अनुभव मात्र फर्स्ट क्लास. वीजबिल, जन्मदाखला, त्याच्या वह्यांचे नमुने दिले, डोळे आणि कान तपासून झाले. फॉर्ममध्ये एक पालकांनी भरायचा आणि एक टीचरने भरायचा, दोन्ही मीच भरले, आणि टीचर म्हणून मी पालकापेक्षा जास्त कडक मार्क दिले हे नंतर डायग्नॉस्टिशियनने, म्हणजे टेस्ट घेणाऱ्या बाईने, हसत दाखवलं. तीन सकाळी टेस्टिंग झालं, एका वेळी जास्तीत जास्त दोन तास, मध्ये ब्रेक. आयक्यूची विस्क, अक्षरांच्या आवाजाची सीटॉप, वाचन-लेखनाची वुडकॉक-जॉन्सन. बाहेर ज्याचे हजारो डॉलर घेतात त्याच टेस्ट आहेत या, फुकट म्हणून काही हलकं काढत नाहीत.

आणि भाषेचा मुद्दा मी घाबरत घाबरत काढला तर डायग्नॉस्टिशियनच म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आम्हाला बघावंच लागतं. मुलाकडून खरी माहिती मिळेल अशा भाषेत तपासायचं असा नियम आहे, आणि नुसतं इंग्लिश कमी येतं म्हणून मुलाला डिसेबिलिटीत टाकता येत नाही. मराठीची छापील टेस्ट त्यांच्याकडे नव्हतीच, पण मी अंकलिपीची पानं आणि सासूबाईंनी वहीत लिहून ठेवलेल्या चुका नेल्या होत्या. मात्रा वर लागते, काना बाजूला लागतो, खाली उकार लागतो हे तिला कागदावर काढून दाखवलं, तिने अर्धा तास ते समजून घेतलं आणि रिपोर्टमध्ये एक पूर्ण पॅरेग्राफ लिहिला. आजीच्या वहीचा अमेरिकन सरकारी रिपोर्टात उल्लेख, सासूबाईंनी त्याचा प्रिंट मागवून घेतलाय.

अजून एक. शिकतानाचं ऑब्झर्व्हेशन करावं लागतं, आणि मूल शाळेत नसेल तर त्याच्या वयाला साजेशा जागी. आमच्याकडे ती जागा म्हणजे डायनिंग टेबल. बाई घरी आली, कोपऱ्यात बसून लिहीत होती, आणि मी सवयीने पोहे पुढे केले. तिने खाल्ले पण. नवरा म्हणतो लाच दिलीस.

दसऱ्याच्या आसपास कन्सेंटवर सही केली होती आणि रिपोर्ट ख्रिसमसच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात हातात. इथे ४५ शाळेचे दिवस मिळतात त्यांना, लक्षात घ्या शाळेचे दिवस, थँक्सगिव्हिंगचा आठवडा त्यात धरत नाहीत. इतर स्टेटमध्ये वेगळं, स्टेटचा स्वतःचा नियम नसेल तर फेडरलचे ६० दिवस. बावीस पानी रिपोर्ट, डिस्लेक्सिया स्पष्ट लिहिलेला. मी गाडीत बसून वाचला आणि रडले, मग कॉस्टकोला गेले.

आता स्टार जिथे कापलेत ते. सुट्टीनंतर 'आर्ड' मीटिंग झाली, म्हणजे रिपोर्ट बघून मुलाला काय मदत द्यायची ते ठरवायची बैठक. सहा जण टेबलाभोवती, मी आणि नवरा धरून आठ. ते म्हणाले, मुलाला आमच्या शाळेत घाला, पूर्ण आयईपी (मुलासाठी खास आखलेला शिक्षणाचा आराखडा) देतो, रोज डिस्लेक्सियाची ट्रेन्ड टीचर. आम्ही म्हटलं होमस्कूलच ठेवणार, तर मग सूर बदलला. वाईट नाही झाला, पण कायदाच तसा आहे. टेस्टिंगचा हक्क प्रत्येक मुलाचा, पण पालकांनी स्वतः प्रायव्हेटमध्ये ठेवलेल्या मुलाला सर्व्हिसेसचा, म्हणजे पुढच्या शिकवणी-मदतीचा, वैयक्तिक हक्क नाही. फेडरल पैशातला एक हिस्सा अशा मुलांसाठी काढून ठेवतात आणि तो कशावर खर्च करायचा ते प्रायव्हेट शाळांशी बोलून डिस्ट्रिक्ट ठरवतं. आमच्याकडे या वर्षी ठरलं होतं फक्त स्पीच, म्हणजे बोलण्याची थेरपी. आमच्या पोराला बोलायला तर कोणी थांबवू शकत नाही. एवढंच समाधान की तो हिस्सा अशी किती मुलं पात्र ठरली त्यावर ठरतो, सर्व्हिस मिळत नसली तरी आमचा मुलगा त्या मोजणीत आहे. सध्या रिपोर्ट घेऊन खाजगी ट्यूटर लावलाय, ती म्हणाली एवढा डिटेल रिपोर्ट क्वचित बघायला मिळतो, सरळ कामाला लागली.

प्रायव्हेट शाळावाल्यांसाठी: तुम्ही कुठे राहता ते नाही, शाळा कुठल्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे ते बघायचं. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी शेजारच्या गावात मॉन्टेसरीला जाते, ती दोन महिने स्वतःच्या गावच्या ऑफिसच्या मागे लागली होती, चूक दार. आणि रिपोर्ट पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरून दुसरं इव्हॅल्युएशन मागता येतं, मग त्यांना एकतर पैसे द्यावे लागतात नाहीतर आमचंच बरोबर आहे म्हणून स्वतःहून हिअरिंगला जावं लागतं. आम्हाला गरज पडली नाही.

कन्सेंटला घाबरणाऱ्यांना सांगते, टेस्टिंगला हो म्हटलं म्हणून मूल शाळेत घालावं लागत नाही, आणि नंतर मन बदललं तर होमस्कूलवाल्यांना ते कोर्टात खेचून टेस्टिंगची सक्ती करू शकत नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये ही भीती फार आहे, म्हणून लिहिलं.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळातल्या एकीने त्याच ऑफिसला फोन केला. उत्तर: आधी एनरोल करा. तिला माझा ईमेल फॉरवर्ड केलाय, म्हटलं नाव आणि जन्मतारीख तेवढी बदल.