डिजिलॉकर की गुगल ड्राइव्ह? गावातल्या घराचे कागद कुठं ठेवावेत

बारावीनंतर पोरगं नागपूर-अमरावतीला शिकायला गेलं की एक अडचण ठरलेली. मूळ कागद गावी लोखंडी पेटीत आणि फॉर्म भरायचा शहरात. मग घरून व्हॉट्सॲपवर फोटो येतो, तोही तिरपा, शिक्का अर्धा कापलेला. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, गुणपत्रिका, पासबुक हे सगळं ऑनलाइन एका जागी ठेवायचं तर माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे.

डिजिलॉकर ही केंद्र सरकारची सेवा, 2015 पासूनची. दहावी-बारावीची गुणपत्रिका, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं आरसी असे कागद तिथं थेट त्या त्या खात्याकडून येतात आणि त्यांना कायद्यानं मूळ प्रतीइतकाच मान आहे. लोकांची गफलत होते ती पुढे. पासबुकाचा फोटो आपणच काढून चढवला, तर तो तिथंही फोटोच राहतो. असं चढवायला जागा 1 जीबी आणि एक फाइल जास्तीत जास्त 10 एमबीची. कागदांना भरपूर झालं, व्हिडिओचं नावही काढू नका.

गुगल ड्राइव्हवर 15 जीबी फुकट मिळतात, पण त्यातच जीमेल, गुगल फोटोज आणि अँड्रॉइड फोनचा व्हॉट्सॲप बॅकअपही बसतो. ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी ही जागा कधी भरली ते कळतही नाही. भरली की नवीन मेल येणं बंद होतं, आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत ते कॉलेजच्या मेलसकट. तरीही पाठवापाठवीत ड्राइव्हच पुढे. एक फोल्डर करून बाप-लेकांनी आपापल्या फोनवर उघडलं की रोज मागणं संपलं. फक्त ते मेल आयडी टाकून त्या माणसापुरतंच उघडं करावं. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं ठेवलं, तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचं आधार कार्ड दिसेल.

जीबीच्या हिशेबापेक्षा गावात मोठा प्रश्न वेगळाच आहे: खातं कोणाच्या हातात? नवा फोन घेताना दुकानातलं पोरगं जीमेल उघडून देतं. नंतर विचारलं की उत्तर येतं, ‘पासवर्ड? तो दुकानवाल्याले ठाऊक असंल.’ अशा खात्यात जमिनीचे कागद ठेवू नयेत. आधी पासवर्ड बदला, रिकव्हरी नंबर घरातलाच टाका. डिजिलॉकरचं सगळं मोबाइल नंबर आणि ओटीपीवर चालतं. रिचार्ज न केलेलं सिम बंद पडलं की तिथंही दार बंद, म्हणून आधारला जोडलेला नंबर चालूच ठेवा. गुगलचं खातं सलग 2 वर्षं वापरलं नाही, तर कंपनी ते आतल्या सामानासकट काढून टाकू शकते. पोरगं नोकरीला लागल्यावर कॉलेजच्या दिवसांत उघडलेलं जुनं खातं असंच मागे पडतं.

रेंजचंही पाहा. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात राहत असाल, तर ड्राइव्हमधल्या गरजेच्या फाइल आधीच ‘ऑफलाइन’ करून ठेवा. ड्राइव्हमध्ये ‘फक्त वाय-फायवरून’ अशी एक सेटिंग असते. घरात वाय-फाय नसेल आणि ती चालू राहिली, तर फाइल चढतच नाही आणि आपण उगाच टॉवरला शिव्या देत बसतो.

प्रिंट काढायला सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात गेलात, तर तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडू नका. तेवढी पीडीएफ पाठवा आणि काम झाल्यावर डाउनलोडमधून समोरच काढायला लावा. भाऊ-काका ओळखीचे असले तरी सांगायला लाजू नका.

तेव्हा सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये, बाकीचे ड्राइव्हवर, असं मी सांगीन. सातबारा मात्र साठवण्यात अर्थ नाही. फेरफार झाला की जुना निकामी, आणि डिजिटल सहीचा ताजा 15 रुपयांत निघतो.

ड्राइव्हसारख्याच दुसऱ्या सेवांत वनड्राइव्ह फुकट 5 जीबी देतं, ड्रॉपबॉक्स अवघे 2. ऑफिसच्या कामात आधीच असतील तर ठीक, कागदांसाठी मुद्दाम उघडायची गरज नाही. मेगा 20 जीबी देतं आणि फाइल कुलूपबंद ठेवतं, पण पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी की (खातं परत उघडायचा कोड) जपली नसेल, तर आतलं कंपनीलाही उघडता येत नाही. लग्नाचं शूटिंग यांपैकी कुठंच चढवू नका, त्याला हार्ड डिस्कच बरी.